एकच निरोप, दोनदा

चित्रपट नुकताच सुरू झालाय. रेल्वे स्टेशनातलं उपाहारगृह. तिकीट तपासणारा माणूस गल्ल्यावरच्या बाईंशी गप्पा छाटतोय. मागे एका टेबलाशी एक पुरुष आणि एक बाई गप्प बसलेत. तेवढ्यात डॉली नावाची बडबडी ओळखीची बाई टपकते आणि त्यांच्यातच येऊन बसते. गाडीची वेळ होते. पुरुष उठतो, त्या बाईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि निघून जातो. डॉली चॉकलेट घ्यायला गल्ल्याकडे जाते, वळून बघते तर टेबल रिकामं! जरा वेळाने बाई परत येते, चेहरा पांढराफटक. म्हणते, एक्स्प्रेस जाताना बघायला गेले होते.

आपल्याला काय कळलं? काही नाही. आणि आपण नुकताच गोष्टीचा शेवट पाहिलाय!

डेव्हिड लीनचा १९४५चा ‘ब्रीफ एन्काउंटर’ असा उलटा सुरू होतो. मग लॉरा, म्हणजे ती बाई, घरी येते, नवऱ्यासमोर खुर्चीत बसते आणि मनातल्या मनात त्यालाच सगळं सांगू लागते. दर गुरुवारी ती खरेदीला शहरात जायची. एकदा फलाटावर डोळ्यात कण गेला, तो अॅलेक नावाच्या डॉक्टरने काढून दिला. दोघंही संसारी, मुलाबाळांची. काही गुरुवार, आणि मग तो नोकरीसाठी आफ्रिकेला निघाला. बस्स, एवढंच कथानक. नवरा शब्दकोडं सोडवत असतो. त्याच्या कानावर यातला एक शब्दही पडत नाही.

शेवटी आपण पुन्हा त्याच टेबलाशी येतो. तोच चहा, तीच डॉली. पण आता तिचा एकेक शब्द असह्य होतो. अहो बाई, उठा ना, दोनच मिनिटं उरलीत त्यांच्याकडे! खांद्यावरचा तो हात, मघाशी नीट लक्षातही न आलेला, आता हाच त्यांचा अखेरचा निरोप आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

बदललं काय? कॅमेऱ्याची निष्ठा. पहिल्यांदा तो डॉलीबरोबर गल्ल्याकडे गेला होता. आता तो लॉराला सोडत नाही. बाहेर अॅलेकची गाडी सुटल्याचं तिच्याच कानांनी आपण ऐकतो. मग एक्स्प्रेसची धडधड जवळ येते, आणि पडद्यावरचं चित्र हळूहळू कलू लागतं. तोल जावा तसं. ती धावत फलाटाच्या कडेला पोचते. डब्यांच्या खिडक्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सपासप सरकतो, केस उडतात. ती गाडी बघायला गेलीच नव्हती. जीव द्यायला गेली होती, आणि थांबली.

खरी कमाल पुढे आहे. मूळ नाटक नोएल कॉवर्डचं, १९३६चं, एकांकिका, आणि ते त्या उपाहारगृहाबाहेर पडतच नाही. रंगभूमीवरच्या प्रेक्षकाला लॉरा फक्त जाताना आणि परतताना दिसते. म्हणजे चित्रपटातला पहिला निरोप जवळजवळ नाटकाच्या प्रेक्षकाच्या नजरेतला, आणि दुसरा फक्त कॅमेऱ्यालाच जमणारा! रूपांतराचा इतका चतुर नमुना मला दुसरा माहीत नाही.

संगीतही असंच फसवतं. रॅखमॅनिनॉव्हचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो सगळ्या आठवणींवर पसरलेला असतो, पण तो येतो कुठून? लॉराच्या दिवाणखान्यातल्या रेडिओवरून. नवरा मध्येच आवाज कमी करतो.

आणि स्टेशन? चित्रीकरण झालं तेव्हा युद्ध संपलेलं नव्हतं, इंग्लंडात रात्री अंधार पाळला जात होता. म्हणून लँकशायरमधलं कार्नफोर्थ निवडलं. ते इतकं उत्तरेला, की शत्रूची विमानं आलीच तर दिवे विझवायला वेळ मिळावा. गंमत म्हणजे उपाहारगृह तिथलं नव्हतंच, ते स्टुडिओत उभारलं होतं. आज कार्नफोर्थला चित्रपटातल्यासारखं सजवलेलं उपाहारगृह आहे. अस्सल ठिकाणी नकलेची नक्कल!

चित्रपट दीड तासाच्या आत संपतो. बघाल तेव्हा सुरुवातीच्या पाच मिनिटांत फोन हातात घेऊ नका.