राजभाषेची कसोटी कचेरीच्या खिडकीपाशी

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकड्यासारख्या गावात पीककर्जाचा अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याची अपेक्षा माफक असते : आपले म्हणणे समोरच्याला कळावे आणि त्याचे उत्तर आपल्याला. भाषेचा प्रश्न संमेलनाच्या व्यासपीठावर भव्य दिसतो. कचेरीच्या खिडकीपाशी तो निकडीचा होतो.

मराठवाड्याला हे नव्याने सांगावयास नको. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपेपर्यंत येथील बहुसंख्यांची भाषा मराठी आणि कारभाराची उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. दोष त्या समृद्ध भाषेचा नव्हता. जनतेच्या भाषेला नोकरीत मोल न देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

1964 च्या राजभाषा अधिनियमाने राज्याच्या कारभारात मराठीला अधिकृत स्थान मिळाले. मराठी न येणाऱ्या राज्य कर्मचाऱ्यांसाठी 1987 चे भाषा परीक्षा नियमही आहेत. मात्र त्यांचा कटाक्ष सेवेत आल्यानंतरच्या परीक्षेवर आहे. बँकांच्या लिपिक भरतीत स्थानिक भाषेची अट असते, आणि ही परीक्षा 13 प्रादेशिक भाषांतही घ्यावी अशी शिफारस केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 2021 मध्ये केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु मराठीत परीक्षा देता येणे ही उमेदवाराची सोय झाली. ग्राहकाशी मराठीत व्यवहार करता येणे हे नोकरीचे कर्तव्य होय. या दोहोंची गल्लत होऊ नये.

या बाबतीत आयर्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे शासकीय नोकरीसाठी आयरिश भाषेची असलेली सक्ती 1974 मध्ये उठविण्यात आली. पुढे 2021 च्या कायद्याने, 2030 अखेरपर्यंत सार्वजनिक सेवेत नव्याने येणाऱ्यांपैकी किमान 20 टक्के लोक आयरिश जाणणारे असावेत, असे उद्दिष्ट ठरविले. भाषा घटनेत पहिली अधिकृत भाषा म्हणून नोंदलेली असली, तरी ती बोलणारा माणूस खुर्चीवर नसेल तर नागरिकाचा हक्क कागदावरच राहतो, हाच याचा अर्थ.

अशी अट म्हणजे प्रांतीय संकुचितपणा, असा आक्षेप घेतला जाईल. राज्यघटनेचे 16 वे कलम जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करते, आणि ते योग्यच आहे. परंतु मराठी घरात जन्मणे आणि मराठी येणे या भिन्न गोष्टी आहेत. भाषा कोणालाही शिकता येते. म्हणून नेमणुकीपूर्वी संभाषणाची आणि साधा अर्ज समजावून देण्याची चाचणी घेण्यात अन्याय नाही.

हाच न्याय मराठीलाही लागू आहे. तांड्यावरील गोरमाटी बोलणारी वृद्धा दवाखान्यात येते, तेव्हा तिची बोली जाणणारी परिचारिका तेथे असावी, ही मागणीही तितकीच रास्त ठरते. निजामी अमदानीत जे सोसले, ते इतरांच्या वाट्याला येऊ न देणे यातच राजभाषेची प्रतिष्ठा आहे.