विजेच्या घरची उमेदवारी

आमच्या घरी गेल्या कार्तिकापासून एक उमेदवार राहावयास आहे. निवडणुकीचा नव्हे, वीज वितरणाच्या एका शाखा कार्यालयातला. हा आमच्या कन्येचा मुलगा. तंत्रनिकेतनातून विद्युत् अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर एक वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीसाठी त्याची नेमणूक आमच्याच तालुक्याच्या गावी झाली, आणि आजोळ तेथेच असल्यामुळे बिऱ्हाडाचा प्रश्न मिटला. 'उमेदवार' हा शब्द मूळचा फारसी. उमेद म्हणजे आशा. आशा धरून राहतो तो उमेदवार. आमच्या वाडवडिलांच्या काळी कचेरीत जागा मिळेपर्यंत मुले बिनपगारी उमेदवारी करीत, तेव्हापासून हा शब्द आपल्या घरांतून रुळलेला आहे.

आजच्या उमेदवारीस कायद्याचा आधार आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम प्रथम कारागिरीच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविका घेतलेल्यांसही त्यात स्थान मिळाले. विद्यावेतन मिळते, वर्षअखेर प्रमाणपत्र मिळते. नोकरीची हमी मात्र मिळत नाही. ह्या कायद्यात उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि शिकताना त्यास इजा झाली तर भरपाई मात्र कामगारांच्या १९२३ च्या कायद्याप्रमाणे द्यावी, असेही कायदा करणारांनी लिहून ठेवले. म्हणजे हात धड असेतो विद्यार्थी आणि हात भाजला की कामगार! हे वाचून त्याच्या आजीने जो प्रश्न केला, त्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही.

पहिले तीन महिने तर भाजण्यासारखे काही नव्हतेच. मीटरांच्या नोंदी, ग्राहकांचे तक्रारअर्ज, फायली, आणि साहेबांकडे कोणी आले म्हणजे चहा सांगून येणे. मुलगा कंटाळला. आम्ही त्यास गुरुगृही समिधा वाहणाऱ्या शिष्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्याने त्या मुकाट्याने ऐकल्या, एवढेच.

माघात त्यास दुरुस्तीच्या पथकाबरोबर पाठवू लागले आणि घरी जेवताना बोलणे वाढले. गावात ज्यास सारे डीपी म्हणतात, ते खांबावरचे रोहित्र ११,००० व्होल्टची वीज ४३३ व्होल्टवर उतरविते, आणि त्यातूनच आपल्या घरचे २३० व्होल्ट निघतात, हे आम्हांस त्याच्याकडून कळले. पण त्याचा खरा भर होता तो एका नियमावर. उपकेंद्रातून वाहिनी बंद केल्याचा लेखी परवाना हाती आला, खांबावरचा एबी स्विच उघडला, तरी ती तार मेली असे समजावयाचे नाही. लांब दांडीच्या टोकाने ती जमिनीशी जोडावयाची. त्यातही दांडीच्या तारेचे जमिनीकडचे टोक आधी बांधावयाचे आणि मग वरचे टोक तारेस लावावयाचे. काढताना ह्याच्या उलट. हा क्रम त्याने आजीस दोनदा म्हणून दाखविला. ती म्हणाली, "बरं बाई, तुझं सोवळंओवळं आमच्यापेक्षा कडक दिसतंय."

वैशाखात एका संध्याकाळी वळीव कोसळला. एका वाडीच्या वाटेवर फांदी पडून ११,००० व्होल्टच्या वाहिनीची एक तार तुटली. पथकात माणसे कमी. बरोबर होते एक जुने लाइनमन, निवृत्तीस दोन वर्षे राहिलेले, स्वभावाने सरळ, पण गुडघ्यांनी अधू झालेले. त्यांनी परवाना घेतला, स्विच उघडला आणि आमच्या नातवास म्हटले, "चढ, मी खालून सांगतो." वस्तुतः खांबावर चढणे हे ह्या उमेदवाराचे काम नव्हे. पण अंधार पडत होता, वाडीत एका घरी आजारी माणूस होते आणि लोक भोवती उभे होते.

नातू म्हणाला, "काका, आधी दांडी लावू या."

दांडी गाडीत होती, आणि गाडी ओढ्याच्या अलीकडे, चिखलात. लाइनमन चिडले. "तीस वर्षं झाली मला. स्विच माझ्या हातानं उघडलाय. लाइन बंद आहे म्हणजे बंद आहे. पुस्तकं पाठ केलीस, आता काम शीक." भोवतालचे हसले. मुलगा खांबाशी उभा राहिला, चढला नाही. शेवटी स्वतःच चिखल तुडवीत जाऊन दांडी घेऊन आला. दहा-पंधरा मिनिटे गेली. त्याने आधी जमिनीकडचे टोक बांधले आणि वरचे टोक तारेस टेकविले.

मोठा आवाज होऊन निळा लोळ उठला. दूर कोठे तरी चालू असलेले एक यंत्र धापा टाकून बंद पडले.

ते यंत्र म्हणजे वाहिनीच्या शेवटी असलेल्या गिरणीचे जनित्र होते. वीज गेली म्हणून मालकाने ते सुरू केले होते, आणि बाहेरची वीज तोडून मगच जनित्र जोडणारा चेंजओव्हर स्विच तेथे नव्हता. त्यामुळे जनित्राची वीज गिरणीच्या स्वतंत्र रोहित्रात उलट्या बाजूने शिरली. रोहित्रास उलटसुलट कळत नाही. ११,००० चे ४३३ करणारे ते यंत्र दुसऱ्या बाजूने वीज दिली असता ४३३ चे ११,००० करते. स्विचपलीकडच्या त्या तुकड्यावर तेच एक रोहित्र होते. परवाना खरा होता, स्विच उघडा होता, लाइनमन खोटे बोलत नव्हते. आणि तार जिवंत होती.

त्या रात्री तो अकरा वाजता घरी आला, जेवला आणि निजला. हकीकत आम्हांस दुसऱ्या दिवशी कळली. तेव्हापासून आमच्या मनास एक टोचणी लागून राहिली आहे. शाळेत आम्ही तीस वर्षे आरुणीची गोष्ट शिकविली. धौम्य ऋषींनी शेताचा बांध घालावयास पाठविले, बांध ठरेना, तेव्हा हा पांचाल देशचा शिष्य स्वतःच पाण्यास आडवा झाला. गुरूची आज्ञा म्हणून देह मध्ये घातला. ही गोष्ट सांगताना आमचा कंठ दाटून येई, आणि वर्गात कोणी उलट प्रश्न केला तर त्यास आम्ही खाली बसवीत असू. त्या संध्याकाळी आमचा नातू आरुणी झाला असता, तर आज हा लेख लिहावयास आमचा हात चालला नसता. ह्याचा अर्थ आरुणीची गोष्ट टाकून द्यावी असा आम्ही करीत नाही. पण ती शिकविताना धौम्यांनी त्यास काय करावयास पाठविले होते, इकडे आम्ही मुलांचे लक्ष कधी वेधले नाही. बांध घाल, एवढेच त्यांनी सांगितले होते. देह घाल असे ते म्हणाले नव्हते.

लाइनमनांविषयी कोणाचा गैरसमज होऊ नये. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, चहा मात्र नको म्हणाले. बराच वेळ गेल्यावर आमच्या पत्नीस म्हणाले, "वहिनी, माझाही नातू एवढाच आहे." दुसरे काही बोलले नाहीत. आता कामाच्या जागी गाडी थांबली की दांडी तेच आधी उतरवितात.

गिरणीवाल्याने आठ दिवसांत चेंजओव्हर स्विच बसविला. आमच्या चौकातल्या दुकानदारांपैकी तिघांकडे जनित्रे आहेत. आम्ही छत्री घेऊन तिघांकडेही जाऊन आलो. दोघांकडे स्विच होता. तिसऱ्याने बसवितो म्हणून सांगितले आहे. त्याच्याकडे आम्ही दर सोमवारी जातो.

उमेदवारास रोजचे काम एका वहीत लिहून वरिष्ठांची सही घ्यावी लागते. त्या दिवसाचे पान आम्ही मागून घेऊन वाचले. 'वादळामुळे तुटलेली तार जोडली. काम पूर्ण.' खाली सही. नातवास विचारले, "एवढेच का रे?" तो म्हणाला, "आजोबा, जे झालं नाही ते वहीत लिहायला रकाना नाही."