अडून बसलेली साखर

बिद्रीला साखरेवर लिहायला जा, असं संपादकांनी सुचवलं होतं. मौनीनगरचा दूधगंगा-वेदगंगा कारखाना, गाळप, उतारा, उसाचा दर. यावर लिहिणारे जाणकार कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. माझ्या डोक्यात वेगळीच साखर घोळत होती. ती पोत्यात भरत नाहीत, शिशाच्या जाड डब्यातून नेतात आणि दर ११० मिनिटांनी तिचं तेज निम्म्यावर येतं. फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज हे तिचं पूर्ण नाव. दवाखान्यात तिला एफडीजी म्हणतात. किडनी बदलून घेतलेल्या माणसाच्या मानेत, काखेत किंवा पोटात गाठ दिसली की पेट-सीटी सांगितला जातो, आणि त्या यंत्राचं सगळं काम या साखरेवर चालतं.

ती गाठ येते कशी, ते आधी सांगायला हवं. बसवलेली किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी औषधं रोज घ्यावी लागतात. ही औषधं टी-पेशींना आवरून धरतात. पण याच टी-पेशी आणखी एका कामावर असतात. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि बी-पेशींमध्ये दडून राहतो. त्याच्यावर टी-पेशींचा पहारा असतो. औषधांनी पहारा ढिला पडला की काही जणांत या बी-पेशी वाढत सुटतात. लसिकाग्रंथी सुजतात, कधी आतड्यात किंवा यकृतात, तर कधी बसवलेल्या किडनीतच गोळा तयार होतो. या आजाराला डॉक्टर पीटीएलडी म्हणतात. त्याची सुरुवातीची रूपं सौम्य असतात, पुढची थेट लिम्फोमाची. किडनीवाल्यांत तो शंभरात साधारण एक-दोघांना होतो, आतडं बदललेल्यांत बराच जास्त.

इतिहास थोडक्यात आटोपतो. भारतात किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या केईएममध्ये झाला. किरणोत्सारी एफडीजी १९७६ साली अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत तात्सुओ इदो आणि सहकाऱ्यांनी बनवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती विमानानं फिलाडेल्फियाला नेऊन प्रथमच माणसाला टोचली गेली. म्हणजे या साखरेच्या पहिल्या प्रवासातही घड्याळ होतंच. आपल्याकडे मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही साखर बनवायला लागणारा वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला तो २००२ साली.

मला गुंतवून ठेवलं ते एफडीजीच्या रेणूनं. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल काढून तिथं किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवलेला असतो. पेशीला फरक कळत नाही. ती नेहमीची साखर समजून याला आत घेते, हेक्सोकायनेज हे एंझाइम त्याला फॉस्फेट जोडतं आणि तिथंच गाडी अडते, कारण पुढच्या पायरीला लागणारा तो हायड्रॉक्सिलच नाही. ज्या पेशी हावरटासारखी साखर ओढतात, त्यांच्यात ही अर्धवट पचलेली साखर साचत जाते. मग फ्लोरीन पॉझिट्रॉन टाकतो. तो जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण नेमक्या उलट दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीचं कडं ही जोडी एकाच क्षणी पकडतं. अशा लाखो जोड्यांच्या रेषा जुळवून साखर कुठं साचली ते संगणक काढतो. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही: पॉझिट्रॉन टाकून झालेला फ्लोरीन ऑक्सिजन होऊन जातो. त्याला हायड्रोजन चिकटला की अडून बसलेला रेणू साध्या साखरेसारखा पचून जातो. रसायनशास्त्रात एवढा सभ्य पाहुणा मी दुसरा पाहिला नाही.

बिद्रीच्या शेतकऱ्याला दर ११० मिनिटांनी निम्म्या होणाऱ्या या साखरेच्या घड्याळाचं गणित समजावून सांगावं लागत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही तर उतारा घटतो, हे त्याला माहीत असतं. इथं हिशेब त्याहून कडक. मुंबईहून निघालेला डबा रस्त्यानं साडेसात तासांनी कोल्हापुरात पोचला असं धरलं, तर साखर वाटेत चार वेळा निम्मी झालेली असते. उरतो सोळावा हिस्सा. घाटात गाडी अडकली की सकाळचे नंबर कोलमडतात, आणि ज्यांचे नंबर असतात ते सहा-सहा तास उपाशी असतात.

त्या उपाशी माणसांतच खरी अडचण आहे. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडमुळे प्रत्यारोपणानंतर अनेकांना मधुमेह जडतो. रक्तातली साखर २०० च्या वर असली की एफडीजीला पेशीत शिरायला जागा मिळत नाही, आणि ऐन वेळी इन्सुलिन टोचलं तर ती स्नायूंत निघून जाते. आदल्या दिवशी फडात मोळ्या उचललेल्या माणसाचेही स्नायू चमकतात. म्हणून टेक्नॉलॉजिस्ट आधी तेच विचारतो, मग सुई लावतो आणि तासभर उबदार खोलीत गप्प पडून राहायला सांगतो. बोलायचं नाही, चघळायचं नाही. बोललं की घशाचे स्नायूही चित्रात येतात.

यानंतर किडनी स्वतःच आडवी येते. खरी साखर निरोगी किडनी परत ओढून घेते, एफडीजी मात्र लघवीत जाते. त्यामुळे ओटीपोटात बसवलेली किडनी आणि तिच्या शेजारचं मूत्राशय चित्रात लखलखतात. पीटीएलडी तर अनेकदा त्याच परिसरात उगवतो. भरपूर पाणी पाजून, लघवी करायला लावून, तेवढ्या भागाचं चित्र पुन्हा घेतात, तरी शंका उरतेच. मेंदू मुळातच साखरखाऊ, तिथला डाग शोधायला एमआरआय लागतो.

पण मला सगळ्यात मोठी काळजी वाटते क्षयाची. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात आपल्याकडे क्षय पुन्हा डोकं वर काढतो, आणि क्षयाच्या गाठी एफडीजी तितक्याच आवडीनं ओढतात. छातीतल्या चमकत्या ग्रंथीकडे बघून हा लिम्फोमा की क्षय, हे नजरेनं सांगता येत नाही. उपचार मात्र वेगवेगळ्या वाटांनी जातात. पीटीएलडी असेल तर पहिली पायरी म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं, गरज पडली तर पुढं रिटुक्सिमॅब. क्षय असेल आणि रिफॅम्पिसिन सुरू केलं, तर ते टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं आणि डोस वाढवावा लागतो. अंदाज चुकला तर एकीकडे गाठ वाढते, दुसरीकडे बहिणीनं किंवा आईनं दिलेली किडनी जाते.

म्हणून पेट-सीटीच्या अहवालात शेवटी बहुतेकदा बायोप्सीची शिफारस असते. सर्वांत तेजस्वी आणि सुईला सोपी अशी गाठ कोणती, हे यंत्र दाखवतं. तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो, तिथं विषाणूची आणि क्षयाच्या जंतूंची वेगळी तपासणी होते. तिला दिवस लागतात. तोवर गावी परतलेल्या रुग्णानं गोळ्या नेहमीच्याच घ्यायच्या की कमी, हे नेफ्रॉलॉजिस्टला हातात अपुरी माहिती घेऊन फोनवर ठरवावं लागतं.