गरम झाल्यावरच रुसणारी गाडी

गेल्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन आम्ही बेळगावहून बुऱ्हाणपूरला गेलो. धाकटी मेव्हणी तिथे बुधवाऱ्यात राहते. आठशेच्या आसपास किलोमीटर आमची जुनी पेट्रोल गाडी विनातक्रार धावली आणि नेमकी बुधवाऱ्याच्या गर्दीत, पुढची रिक्षा हलायची वाट पाहताना थरथरू लागली. "गाडी याक नडुगाकत्तैती?" सासूबाईंनी मागून विचारले. गाडी का थरथरते, याचे उत्तर मराठीच्या प्राध्यापकाकडे कुठून असणार!

सकाळी गॅरेजमध्ये नेली तर गाय झाली होती. रात्रभर थंड पडलेले इंजिन, त्यात दोष दिसणार कसा? तरी चार नवे प्लग बसले, बिल झाले. दुपारी कुंडी भंडारा पाहायला गेलो. १६१५ च्या सुमाराचा तो मोगलकालीन भूमिगत जलमार्ग. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी कोणत्याही पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहरात येत असे. येताना मावा जिलेबीच्या दुकानापाशी थांबलो आणि पुन्हा तीच थरथर. दुसऱ्या गॅरेजने इंजिन उघडण्याचा सल्ला दिला. तीन दिवसांचे काम आणि खर्चाचा आकडा ऐकून जिलेबीची गोडी गेली.

मेव्हणीच्या शेजाऱ्यांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवले. "गरम करके लाइए, और बंद मत कीजिए," एवढाच त्यांचा निरोप. ते वीस मिनिटे स्टुलावर बसून नुसते ऐकत होते. मग मला ब्रेक दाबायला सांगितला. दाबला की थरथर बदले! त्यांनी फवाऱ्याच्या बाटलीने प्लगच्या वायरी टाळून रबरी पाइपांच्या सांध्यांवर थोडे थोडे पाणी मारले. मागच्या एका जाड पाइपावर थेंब पडताच इंजिनचा आवाज क्षणभर बदलला. पाइप काढून वाकवला तेव्हा तडा दिसला. सरळ धरला तर काहीच नाही.

गाडी त्या तड्यातून हवा ओढत होती. थंड इंजिनला गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, त्यात ही जास्तीची हवा खपून जाते. गरम झाल्यावर पेट्रोल मोजून मिळते आणि चोरटी हवा बाधते. वेगात असताना इंजिन एवढी हवा घेते की तेवढ्याने फरक पडत नाही. रबर तापून तडा कधी उघडे, कधी मिटे, म्हणून कधी थरथर, कधी नाही. सगळ्याच गाड्यांचे दुखणे हेच असते असे नाही. कुठे थ्रॉटलमध्ये काजळी साचते, कुठे इग्निशन कॉइल तापली की दगा देते. पण दुखणे ज्या अवस्थेत दिसते त्याच अवस्थेत गाडी मिस्त्रीपुढे न्यावी, हे मला दोन बिलांनंतर कळले. (दुसरे बिल दीडशे रुपयांचे होते.)

मिस्त्रींनी शेवटी सांगितले ते ऐकून मात्र अंगावर काटा आला. तो पाइप ब्रेकच्या बूस्टरला जाणारा होता. पुरता फाटला असता तर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट झाले असते. परतीच्या वाटेवर अजिंठ्याचा घाट होता, खंबाटकी होता आणि मागे पंचाहत्तरीच्या सासूबाई.

येताना प्रत्येक टोलनाक्यावर गाडी थांबली की त्या पुढच्या सीटच्या पाठीवर तळवा टेकवत, जरा वेळ थांबत आणि म्हणत, "इल्ला." कराड आले तेव्हा कुठे हात मांडीवर ठेवून त्या झोपल्या.