चौकोन, चौरस आणि वावरातली फुली

भूमिती हा कंपासपेटी हाती आल्यावर, म्हणजे वरच्या इयत्तेत सुरू होणारा विषय आहे आणि त्याआधी मुलाकडून चार आकारांची नावे पाठ करून घेतली की पुरे, असा समज पालकांत आणि पुष्कळदा शिक्षकांतही रूढ आहे. वास्तविक या शब्दाचा मूळ अर्थच भूमीचे मापन असा असून यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या कापूस पिकवणाऱ्या भागात हे मापन मुलाच्या डोळ्यांदेखत होत असते. कपाशी चौफुलीवर लावायची असेल तर वावरात आधी उभ्या आणि मग आडव्या रेघा पाडल्या जातात, त्या जेथे एकमेकींना छेदतात त्या फुलीवर सरकी टोबली जाते, आणि म्हणूनच पुढे डवरा, म्हणजे तण काढण्याचे अवजार, उभाही फिरतो व आडवाही. समांतर रेघा, म्हणजे कितीही लांबवल्या तरी ज्यांच्यातील अंतर बदलत नाही अशा रेघा, येथे व्याख्येवाचून मातीवर उमटलेल्या असतात. शिवाय अंतर का बदलता कामा नये याचे कारणही तेथेच असते, कारण रेघ वाकडी गेली की डवऱ्याच्या पासेखाली रोप येते. शुल्बसूत्रांतील शुल्ब या शब्दाचा अर्थ दोरी असा आहे, म्हणजे या देशातील जुनी लिखित भूमितीही दोरी ताणूनच उभी राहिली, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

तथापि यातून उलट टोकाचा गैरसमज निघू नये. शेतात वावरणाऱ्या मुलाला हे सारे आपोआप येते असे मानणे हाही भ्रमच होय, कारण नजरेखालून गेलेली गोष्ट विचारात उतरतेच असे नाही. रेघा रोज पाहणाऱ्या मुलाला ‘ही रेघ पुढे नेली तर त्या रेघेला भेटेल का, आणि कशावरून?’ असे कोणी विचारले नाही, तर ती रेघ त्याच्यापुरती मातीतील खूणच राहते. राळेगावपासून फार दूर नसलेल्या वर्धा येथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाची, जी कल्पना पुढे आली, तिच्यातही हस्तोद्योगाइतकेच महत्त्व त्या उद्योगाभोवती घडवायच्या विचाराला होते. मात्र ती योजना मुख्यतः ७ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी होती, अंगणवाडीच्या वयासाठी नव्हती.

आकाराचे नाव सांगता आले म्हणजे आकार समजला, हा दुसरा समज अधिक खोलवर रुजलेला असून त्यात भाषेचाही वाटा आहे. भिंतीवरील तक्त्यात चारही बाजू सारख्या आणि कोपरे काटकोनी असलेल्या आकृतीखाली अनेकदा ‘चौकोन’ असे छापलेले असते. चौकोन म्हणजे ज्याला चार कोन आहेत असा कोणताही आकार. तक्त्यातील आकृती हा त्यातील एक विशेष प्रकार, चौरस, होय. परिणामी शंकरपाळे चौकोन आहे की नाही या प्रश्नाशी मूल अडखळते, आणि शेताचा वाकडातिकडा तुकडा चार कोपऱ्यांचा असूनही त्याला चौकोन वाटत नाही. ‘गोल’ या शब्दाने तर याहून मोठा घोटाळा केला आहे, कारण व्यवहारात बांगडी गोल, पोळी गोल आणि चेंडूही गोल. बांगडी ही वर्तुळाची कड, पोळी ही त्या कडेने वेढलेली सपाटी आणि चेंडू हा सर्व बाजूंनी सारखा फुगीर घनाकार, हा भेद चार वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगण्याचे कारण नाही. परंतु तिन्ही वस्तू हातात देऊन कोणती टेबलावर सपाट बसते, कोणती उभी केली की एकाच रोखाने घरंगळते आणि कोणती कोणत्याही दिशेने जाते, हे त्याला करून पाहता येते. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची चाके नेमकी कोणत्या आकाराची असावीत, आणि ती चौरस केली तर नंदी कसा चालेल, हा प्रश्न विदर्भातील मुलासाठी कोणत्याही तक्त्यापेक्षा जिवंत आहे.

नेदरलँड्समधील दिना आणि पियरे व्हॅन हीले या शिक्षक दांपत्याने १९५७ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार भूमितीय विचार पायऱ्यांनी वाढतो. पहिल्या पायरीवर मूल आकार एकूण दिसण्यावरून ओळखते, दुसरीवर बाजू-कोन अशा गुणधर्मांवरून, आणि तिसरीवर ते एका गुणधर्माचा दुसऱ्याशी संबंध जोडू लागते, म्हणजे चौरस हा आयतही असतो हे त्याला पटते. या पायऱ्या वयाने आपोआप चढल्या जात नाहीत, त्या शिकवण्यावर अवलंबून असतात, हा त्यांचा आग्रह सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. तक्त्यातील त्रिकोण नेहमी पायावर बसलेला आणि दोन्ही बाजूंनी सारखा असेल, तर टोकावर उभा केलेला किंवा लांबट, तिरपा त्रिकोण मूल नाकारते. चौरस कोपऱ्यावर उभा केला की तो त्याला चौरस वाटेनासा होतो. दोष मुलाचा नसून नमुन्यांच्या एकसुरीपणाचा आहे. पुठ्ठ्याचा एकच त्रिकोण हातात फिरवत राहणे आणि ‘आता कोपरे किती?’ असे प्रत्येक वेळी विचारणे हा त्यावरील उपाय इतका साधा आहे की तो सहसा केला जात नाही.

लहान मुलाला तर्क जमतच नाही, या समजाला मात्र थोर आधार आहे. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांपुढे बहुतेक तपकिरी व थोडे पांढरे असे लाकडी मणी ठेवून ‘तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त?’ असे विचारले, आणि लहान मुले तपकिरी असे उत्तर देत, यावरून अंश आणि समग्र यांचा एकत्र विचार त्या वयात साधत नाही असा निष्कर्ष काढला. पुढे संशोधक जेम्स मॅकगॅरिगल यांनी सुमारे सहा वर्षांच्या मुलांसमोर तीन काळ्या आणि एक पांढरी अशा चार खेळण्यातील गायी आडव्या, झोपलेल्या ठेवल्या. ‘काळ्या गायी जास्त की गायी जास्त?’ याला केवळ २५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. पण ‘काळ्या गायी जास्त की झोपलेल्या गायी जास्त?’ असे विचारताच हे प्रमाण ४८ टक्क्यांवर गेले. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन यांच्या १९७८ च्या पुस्तकामुळे हा प्रयोग सर्वत्र पोहोचला. त्यातून पियाजे खोटे ठरत नाहीत, कारण निम्म्याहून अधिक मुले तरीही चुकली. परंतु चूक तर्कात आहे की प्रश्नाच्या शब्दांत, हे तपासल्याशिवाय मुलाला ‘समजत नाही’ असा शिक्का मारता येत नाही, एवढे निश्चित होते. यवतमाळ जिल्ह्यात कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतून मराठी शाळेत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट लागू पडते.

महागडे संच लागतात, या समजाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातील साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभे करून तो प्रश्न कधीच निकालात काढला आहे. खडू आणि दोन रंगांचे खडे एवढ्या सामग्रीवर नवकांकरी या बैठ्या खेळाचा लहान प्रकार मांडता येतो: एक चौरस, त्यात मधोमध काढलेली उभी-आडवी फुली आणि दोन तिरप्या रेघा, म्हणजे रेघा मिळण्याची नऊ ठिकाणे, आणि प्रत्येकाचे तीन खडे एका रेघेत आणायचे. ‘मी येथे ठेवला तर ती तेथे ठेवेल’ हे जर-तर म्हणजेच तर्कशास्त्रातील सशर्त विधान असून मूल ते शब्दांत मांडण्यापूर्वी बोटांनी मांडते. पट जमिनीवर असल्यामुळे एका मुलाला तो सुलटा आणि समोरच्याला उलटा दिसतो. टोकावर उभा त्रिकोण नाकारणारे तेच मूल समोरच्याच्या बाजूने जुळलेली तिरपी रेघ मात्र क्षणात ओळखते आणि डाव गेला म्हणून कुरकुरते.