दुपारी तीनचं पहिलं जेवण

वाशिम शहराच्या कडेला पत्र्याची एक खोली. दुपारचे तीन वाजलेत. बाजारात मंगती करून, म्हणजे दुकानोदुकानी पैसे मागून, तिघी तृतीयपंथी आत्ताच परतल्यात. पहाटेच्या चहा-टोस्टनंतर त्यांच्या पोटात काही नाही.

"खर्रा तोंडात असला की भूक मरते, ताई," तंबाखू-सुपारीच्या खर्र्याबद्दल एक जण सांगते.

पाणीसुद्धा त्या बेतानंच पितात, कारण बाजारात त्यांना निर्धास्त जाता येईल असं शौचालय नाही. पुरुषांच्या बाजूला छेड काढतात, बायकांच्या बाजूला आरडाओरडा होतो. लघवीची जळजळ तिघींच्याही ओळखीची आहे.

त्यांच्यातल्या थोरल्या, म्हणजे बाकीच्यांच्या गुरू, परातीत ज्वारीचं पीठ मळतात. ताटात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पातळ बेसन पडतं. तूर आणि सोयाबीन पिकवणारा हा जिल्हा, पण आज वरण नाही. मंगतीच्या पैशातून आधी खोलीभाडं बाजूला निघतं. "आमच्याजवळून दुप्पट घेते तो," घरमालकाबद्दल गुरू म्हणतात.

मी राशनचं विचारते, तर मधली म्हणते, "नाव गावच्या कार्डात हाये. धान्य भाऊ उचलते." २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरवून दिलं आहे. हिच्या वाट्याचं धान्य मात्र ज्या घरानं हिला बाहेर काढलं, तिथंच शिजतं.

सगळ्यांत धाकटी पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढते. हिमोग्लोबिन १२.४, आणि पुढं ठळक अक्षरांत 'कमी'. फॉर्मवर 'पुरुष' लिहिलेलं, म्हणून मोजमाप १३ चं लागलं. स्त्रियांसाठी ते १२ धरतात. स्त्री-संप्रेरकं घेणाऱ्या शरीरात हिमोग्लोबिन हळूहळू स्त्रियांच्या पातळीकडे उतरतं. म्हणजे हा आकडा तिच्यासाठी ठीकही असू शकतो. पण "काही गोळ्या चालू आहेत का?" असं ना रक्त घेणाऱ्यानं विचारलं, ना रिपोर्ट पाहणाऱ्यानं.

गोळ्या चालू आहेत. पिशवीत गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट आहे, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं. "मैत्रिणीनं सांगितलं, रोज दोन घे." या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननं पायात, फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो; विडी-सिगारेटनं तो आणखी वाढतो. कोणतं औषध, किती घ्यायचं आणि कोणत्या तपासण्या करायच्या, हे डॉक्टरनंच ठरवायला हवं. हे सांगितल्यावर ती गप्प बसून ऐकते. मग विचारते, "कोणता डॉक्टर पाहीन मले?"

गुरू भिंतीला हात टेकत उठतात. गुडघे आणि कंबर दुखते. त्यांचं निर्वाण, म्हणजे लिंग आणि अंडकोष काढून टाकणं, तरुणपणीच झालं. त्यानंतर शरीरात टेस्टोस्टेरॉन जवळपास तयार होत नाही, आणि बदली संप्रेरकं मिळाली नाहीत तर हाडं विरळ होत जातात. दूध, तीळ, ताक, ऊन यांची त्यांना गरज आहे, त्याहून अधिक हाडांच्या तपासणीची. त्या दुखण्याला म्हातारपण समजतात, आणि आजवर कुणी त्यांना दुसरं काही सांगितलेलं नाही.

आहाराचा तक्ता या भिंतीवर चिकटवून काही होणार नाही. यांना काय खावं हे कळत नाही असं नाहीच. अडतं ते भाड्यापाशी, कार्डापाशी आणि दवाखान्याच्या दारापाशी. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्याचं १५ वं कलम संप्रेरक उपचार, समुपदेशन आणि आरोग्य विमा ही सरकारची जबाबदारी मानतं. ती या खोलीपर्यंत पोचवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पुरवठा कार्यालयानं यांना स्वतंत्र राशनकार्ड द्यावं. रक्त तपासताना नाव आणि चालू औषधं आदरानं विचारावीत. आठवड्यातून एक दिवस सरकारी दवाखान्यात यांना ठरलेला डॉक्टर मिळावा.

आणि वाचणाऱ्या आई-बापांनो, तुमच्या घरात असं लेकरू असेल तर त्याचं ताट घरातच वाढा. त्याची उपासमार उंबऱ्याबाहेर सुरू होते, आणि ती थांबवणं सर्वांत आधी तुमच्या हातात आहे.