पहाटे तीनची कैफियत

पुण्याजवळ लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस विद्यापीठाची वसाहत उभी राहिल्यापासून पायथ्याच्या गावाला रात्रीही दिवे दिसतात. आणि गावठाणातल्या एखाद्या ओसरीवर पंच्याहत्तरी गाठलेले आजोबा पहाटे तीन वाजता त्या दिव्यांकडे टक लावून पडलेले असतात. सकाळी ते आपली कैफियत रुजू करतात, "रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई." त्यावर सून चुलीपाशून विचारते, "मंग नवाच्या ठोक्याला घोरत व्हतं ते कोण?" मौज अशी, की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते.

वार्धक्यात देहांतर्गत घड्याळ पुढे सरकते, गाढ निद्रेचा अंश घटतो आणि झोप काचेच्या भांड्यासारखी जराशा धक्क्याने भंगते. पासष्टीनंतर सात-आठ तासांची झोप पुरेशी मानली जाते, कित्येकांचे त्याहून थोड्या कमी झोपेतही भागते. तेव्हा नऊला निजलेल्या माणसाला तीनला जाग आली, तर त्याच्या पदरी सहा तास आधीच जमा झालेले असतात. उरलेले तीन तास तो तळमळतो, आणि अखेर बिछाना हीच त्याच्या मनात तळमळीची जागा ठरते.

यात काळाचाही हात आहे. ज्याने भाताच्या खाचरात हयात घालवली, त्याच्या डोळ्यांत सूर्योदयापासून ऊन भरत असे, आणि त्या प्रकाशावरच देहाचे घड्याळ रोज जुळत असे. सातबाऱ्यावरून जमीन उतरली, तेव्हा तिच्याबरोबर हे ऊनही उतरले, याची नोंद मात्र कोणत्याही फेरफारात झाली नाही. आता दिवस दूरचित्रवाणीसमोर डुलक्या घेण्यात जातो. त्यात वयोमानाने पिवळसर झालेले नेत्रभिंग आधीच कमी प्रकाश आत सोडते. म्हणून सकाळी अर्धा-पाऊण तास उघड्यावर फिरणे वा बसणे हा मला पहिला उपचार वाटतो, आणि त्याला छदामही पडत नाही. ज्यांना संध्याकाळीच पेंग येते, त्यांनी दिवेलागणीपूर्वीचे ऊनही चुकवू नये.

वामकुक्षीवर मात्र मी बंदी घालणार नाही. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला देहाचा उपस्तंभ म्हणणाऱ्या चरकसंहितेनेही वृद्धांना दिवसा निजण्याची मुभा दिली आहे. फक्त ती अर्ध्या तासात आटोपावी आणि तीनच्या आत. चारचा चहाही जपूनच, कारण त्यातले कॅफिन निम्मे उतरायलाच पाचएक तास लागतात.

खरा उपाय ऐकायला उफराटा वाटतो : झोप येत नसेल, तर बिछान्यातला वेळ कमी करा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये सांगितले, की झोप आल्यावाचून खाटेवर जाऊ नये आणि ती उडाली तर तेथे पडून राहू नये. निद्रासंशोधक आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये त्याला वेळेच्या मर्यादेची जोड दिली. नऊ तास पडून सहाच तास झोप मिळत असेल, तर मुदत साडेसहा तासांची ठेवावी, म्हणजे साडेदहाला निजून पाचला उठावे, आणि झोप सलग होऊ लागली, की ही मुदत पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवावी. पहिला आठवडा जड जातो. तोल जाणाऱ्यांनी व फेफऱ्याचा विकार असणाऱ्यांनी हे वैद्यकीय देखरेखीखालीच करावे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये दीर्घकालीन निद्रानाशावर गोळीच्या आधी याच स्वरूपाची वर्तनोपचार-पद्धती सुचवली.

गोळीचे भय निराधार नाही. अल्प्राझोलामसारख्या औषधांनी वृद्धांची स्मृती मंदावते, रात्री उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. आपल्याकडे 2014 पासून अशा औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपण्याचा नियम आहे. तरी एकच चिठ्ठी वर्षानुवर्षे फिरते, ती फिरतेच. मात्र चालू गोळी एकाएकी तोडणे त्याहून घातक. ती डॉक्टरांच्या हातून क्रमाक्रमानेच उतरावी. घोरता घोरता श्वास अडणे, पायांची वळवळ, गुडघेदुखी किंवा रात्री घेतलेली लघवीची गोळी, यांपैकी काही असेल तर आधी त्याचा निकाल लावावा.

काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची आपल्याकडची रीत कितपत गुणकारी, या वादात मी पडत नाही. परंतु वाटी घासणारे माणूस पाव तास पायथ्याशी बसते, एवढे खरे.

आणि तीनला जाग आलीच, तर घड्याळ पाहू नये. उशाशी काठी, जमिनीलगत मंद दिवा असावा. हळूच उठून ओसरीतल्या खुर्चीवर बसावे, डोंगरावरचे दिवे पाहावेत, आणि पापण्या जड झाल्या, की मगच खाटेकडे वळावे.